पंचांच्या चुका आणि समालोचकांचे मौन

पंचांच्या चुका आणि समालोचकांचे मौन : निर्णय चुकल्याचे पडद्यावर उघड दिसत असतानाही दूरचित्रवाणीवरील समालोचकांनी त्याला ‘चूक’ न म्हणण्याची, किंवा म्हटलेच तर मऊ शब्दांत गुंडाळून म्हणण्याची रीत. ती बहुतेक लोकप्रिय खेळांत आढळते. भारतीय क्रिकेटमध्ये मात्र तिची मुळे थेट करारांपर्यंत गेलेली आहेत.

ही रीत ओळखायची ती शब्दांवरून. फलंदाजाला पायचीत दिलेले असते, रिप्लेमध्ये चेंडू आधी बॅटला लागलेला दिसतो आणि समालोचक म्हणतो, ‘दुर्दैवी!’ दुर्दैव फलंदाजाचे. निर्णय कोणी दिला, याचा उल्लेखच नाही. ‘पंचांचे काम सोपे नाही’, ‘असे निर्णय कधी आपल्या बाजूने जातात, कधी विरोधात’, ‘आपण दहा वेळा पाहतो, त्यांना एकदाच पाहायला मिळते’ ही आणखी काही ठरलेली वाक्ये. यांतले शेवटचे खरे आहे, म्हणूनच ते सर्वांत जास्त कामी येते.

यामागे निव्वळ भीती असते असे नाही. बहुतेक समालोचक माजी खेळाडू असतात. पंचांचा निर्णय अंतिम, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. मराठीत तर ‘पंच’ या शब्दालाच ‘पाचामुखी परमेश्वर’चे वजन आहे. आयसीसी या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या आचारसंहितेनुसार जाहीर टीकेबद्दल खेळाडू आणि संघाच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई होते. समालोचक तिच्या कक्षेत येत नाहीत, तरी जुनी सवय सुटत नाही.

मात्र सवयीपेक्षा पैशाचे कारण मोठे. घरच्या सामन्यांचे चित्रीकरण बीसीसीआयने, म्हणजे भारतीय क्रिकेट बोर्डाने, स्वतःच्या हाती घेतल्यावर समालोचकांच्या नेमणुकाही बोर्डाकडे गेल्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा व्यवहार मग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०१३च्या भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेत समालोचन करायला ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी नकार दिला. संघनिवड, बोर्डाचा कारभार आणि डीआरएस (पंचांचा निर्णय रिप्लेवर फेरतपासून घेण्याची पद्धत) या तीन विषयांवर बोलायचे नाही, अशी अट असल्याचे त्यांनी सांगितले. यातले डीआरएस इथे महत्त्वाचे. बोर्डाचा तेव्हा त्या पद्धतीला विरोध होता आणि द्विपक्षीय मालिकांत भारताने ती २०१६च्या अखेरीस, इंग्लंडविरुद्ध स्वीकारली. म्हणजे ‘डीआरएस असते तर हा निर्णय फिरला असता’ हे साधे वाक्यही वर्ज्य. ते वाक्य काढून घेतले की पंचांच्या चुकीवर बोलायला उरतेच काय?

मौन चित्रांचेही असते. २७ जून २०१० रोजी जोहान्सबर्गला फुटबॉलच्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध स्पष्ट ऑफसाइड असताना गोल केला. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर त्याचा रिप्ले लागला आणि मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोटे दाखवू लागले. गोल कायम राहिला. नंतर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने चूक मान्य केली, पण ती रिप्ले दाखवण्याची. यापुढे मैदानात काय दाखवायचे यावर अधिक लक्ष ठेवू, असे सांगितले.

खेळाडूचा तोल सुटतो तेव्हा हे सगळे सावरणे वाया जाते. २८ मार्च २०१९ रोजी बंगळुरूत आयपीएलमध्ये मुंबईविरुद्ध शेवटच्या चेंडूवर बंगळुरूला सात धावा हव्या होत्या. मुंबईचा गोलंदाज मलिंगाचा पाय रेषेपुढे पडला होता, पण नोबॉल दिला गेला नाही. बक्षीस समारंभात बंगळुरूचा कर्णधार कोहलीने ‘हे क्लब क्रिकेट नाही’ अशा शब्दांत सुनावले, तर जिंकलेल्या मुंबईच्या रोहित शर्मानेही निर्णयावर नाराजी दाखवली. २०२०च्या आयपीएलपासून पायाचा नोबॉल पाहण्याचे काम तिसऱ्या पंचाकडे गेले.

मौन निवडकही असते. जानेवारी २००८च्या भारताविरुद्धच्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स ३० धावांवर असताना यष्टीरक्षकाकडे झेल देऊनही पंच स्टीव्ह बकनर यांच्या निर्णयामुळे वाचला आणि नाबाद १६२ पर्यंत गेला. त्यावर मात्र कोणी आळीमिळी गुपचिळी केली नाही; कारण तक्रार खुद्द बीसीसीआयचीच होती. पुढच्या पर्थ कसोटीतून बकनर यांना वगळण्यात आले.

अमेरिकन फुटबॉलमध्येही असेच घडले. २०१२ मध्ये एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने नेहमीच्या पंचांना कराराच्या वादातून बाहेर ठेवून बदली पंच आणले. २४ सप्टेंबरला सिएटल-ग्रीन बे सामन्याच्या अखेरच्या क्षणी त्यांनी दिलेल्या निर्णयावर समालोचकांनी थेट प्रक्षेपणातच ताशेरे ओढले. बदली पंच परके होते, त्यांची भीड कोणाला? दोनच दिवसांत तडजोड झाली. नेहमीचे पंच बाल्टिमोरच्या मैदानात उतरले, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.