पुट, बट आणि न्यूयॉर्कचा गायब ‘र’

पी यू टी पुट, मग बी यू टी बट का? हा प्रश्न शाळेत कोणीतरी पोरगं विचारतंच, आणि बाई "इंग्लिश आहे ते, असंच असतं, पाठ कर" म्हणून पुढच्या धड्याकडे वळतात. खरं तर या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे अर्ध्या इंग्लंडात हा प्रश्न पडतच नाही. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टरकडचा अस्सल तिथला माणूस पुटला पुट म्हणतो आणि बटला पण बुटच म्हणतो, ऱ्हस्व उ वाला. कप म्हणजे कुप, बस म्हणजे बुस, लव्ह म्हणजे लुव्ह. आपल्याकडून शिकायला गेलेल्या पोरांना पहिले काही दिवस हे लोक नक्की काय बोलतायत तेच कळत नाही, कारण आपण जे इंग्लिश शिकून गेलेलो असतो ते लंडनच्या बाजूचं असतं.

आता बुट हे बटचं बिघडलेलं रूप आहे असं कोणाला वाटेल, पण झालंय नेमकं उलटं. सतराव्या शतकापर्यंत सगळ्या इंग्लंडात पुट आणि कट यांचा स्वर एकच होता, उ. मग दक्षिणेत लोकांचे ओठ हळूहळू सैल पडायला लागले आणि उ चा अ कडे प्रवास सुरू झाला. कट, कप, लव्ह सगळे सरकले. पण जिथे आधी प, ब, फ किंवा व सारखं ओठांनी काढायचं अक्षर होतं आणि पुढे ल किंवा श होता तिथे ओठ तसेच गोल राहिले, म्हणून पुल, फुल, बुल, बुश, पुश, वुल्फ हे सगळे जुन्या उ वर टिकले, पुट पण त्यांच्याबरोबर राहिला. बरं, हा नियम सुद्धा धड पाळला गेला नाही, बट, बन, फन यांच्यात ब-फ असून ते सुटलेच. म्हणजे बाईंचं "पाठ कर" अगदीच चुकीचं नव्हतं. उत्तरेत हा बदल पोचलाच नाही. स्पेलिंग तोवर बऱ्यापैकी ठरून गेलेलं होतं त्यामुळे यू तसाच राहिला, आणि दक्षिणेतल्या त्या सैल ओठांचा भुर्दंड आज सांगलीतलं पोरगं भरतंय.

दुसरा प्रसिद्ध शब्द म्हणजे बाथ. लंडनकडे बाथ, ग्रास, लाफ, डान्स, सगळीकडे लांब आ. उत्तरेत तिथे आखूड स्वर, आपल्या बॅट मधल्या ॅ च्या जवळचा पण थोडा मोकळा. अमेरिकेत सरळ बॅथ, ग्रॅस, लॅफ. इंग्लंडात याची सीमा ढोबळमानाने पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉश नावाच्या उपसागरापर्यंत जाते, बर्मिंगहॅम आखूड स्वराच्या बाजूला पडतं. ही रेघ काही कोणी घरात बसून मारलेली नाहीये. लीड्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यापाड्यात जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांना हजाराच्या वर प्रश्न विचारले, आणि प्रश्न पण असे की विचारणारा स्वतः तो शब्द तोंडातून काढणार नाही, वस्तू दाखवणार किंवा वर्णन करणार आणि समोरच्याकडून शब्द काढून घेणार. कारण आपण आधी बाथ म्हटलं की समोरचा पण भिडेखातर बाथ म्हणणार.

इथेही लांब आ हा नवा पाहुणा. फ, स, थ यांच्या आधीचा स्वर दक्षिणेत लांबायला लागला, पण सगळ्या शब्दांत नाही, म्हणून लंडनवाला पास म्हणतो पण गॅस म्हणतो, क्लास म्हणतो पण क्लासिकला क्लॅसिक म्हणतो, डान्सला लांब आ आणि रोमॅन्सला आखूड. ध्वनीचा बदल असाच शब्दाशब्दातून पसरत जातो आणि कधीकधी मध्येच थांबतो, मग मागे राहतो तो असला गोंधळ.

पण मला खरी मजा वाटते ती जॉन वॉकर नावाच्या माणसाची. आधी नट, मग उच्चार शिकवणारा मास्तर, आणि १७९१ मध्ये त्याने इंग्लिश उच्चारांची डिक्शनरी काढली, जी पुढे कितीतरी वर्षं प्रमाण मानली गेली. त्यात त्याने बास्केट, प्लांट, आफ्टर असल्या शब्दांत लांब आ काढणं जवळजवळ गावंढळपणाच आहे असं म्हटलंय. आज ब्रिटिश राजघराण्यापासून बीबीसीपर्यंत जो लांब आ उच्चभ्रू म्हणून मिरवतो तोच हा. शंभर-सव्वाशे वर्षांत गावंढळचा खानदानी झाला, आणि जो आखूड स्वर सभ्य होता तो उत्तरेतल्या गिरणी आणि खाण कामगारांचा म्हणून हिणवला जायला लागला. आवाज तेच होते, काढणारे बदलले.

यावर कोणी म्हणेल की हे इतिहासातलं झालं, आवाजाची पत तो काढणाऱ्यांवरून ठरते याचा पुरावा काय. तर पुरावा न्यूयॉर्कच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सापडला, पण त्यासाठी आधी र ची गोष्ट सांगावी लागेल.

कार, फादर, फोर्थ, फ्लोअर यांच्यातला र आपण मराठी माणसं ठणठणीत म्हणतो. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे लोक पण म्हणतात. लंडनवाला म्हणत नाही, त्याची कार म्हणजे नुसतं का. एकेकाळी सगळेच म्हणत होते, नाहीतर स्पेलिंगमध्ये तो आला कशाला असता. लंडनमध्ये तो अठराव्या शतकात पातळ होत गेला, वॉकरने पण याची नोंद केलीये. अमेरिकेतली बोस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्सटन ही बंदरं लंडनशी जहाजांनी जोडलेली, तिथल्या श्रीमंत लोकांनी ही लंडनची फॅशन उचलली. आतल्या भागात, पेनसिल्व्हेनिया आणि त्याच्या पलीकडे, उत्तर आयर्लंडमधून आलेले स्कॉटिश वंशाचे लोक बरेच होते, त्यांनी र सोडला नाही. अमेरिकन लोकांनी शेक्सपिअरच्या काळचं इंग्लिश जसंच्या तसं जपलंय असले फॉरवर्ड फिरत असतात ना, ते अर्धेच खरे. र आणि बॅथ त्यांनी जपलं हे बरोबर, पण वॉटरचं वॉडर कोणी केलं?

र गेला की एक विचित्र दुखणं मागे राहतं. पुढे स्वर आला की झाकलेला र परत येतो, म्हणून का म्हणणारा माणूस सुद्धा पुढे इज आला की का-रिज असं म्हणतो. मग जिभेला सवय लागते आणि जिथे र कधी नव्हताच तिथेही तो घुसतो, लॉ अँड ऑर्डरचं लॉ-रँड ऑर्डर होतं. बोस्टनकडचे जॉन केनेडी १९६२ च्या क्षेपणास्त्र प्रकरणात क्यूबाला क्यूबर म्हणायचे ते यातूनच आलेलं.

आता स्टोअर. विल्यम लबाव्ह हा माणूस आधी शाईच्या धंद्यात केमिस्ट होता, मग तिशी उलटल्यावर भाषाशास्त्राकडे वळला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत न्यूयॉर्कमध्ये र न म्हणणं हेच मोठ्या घरचं लक्षण, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट असंच बोलायचे. युद्धानंतर वारं फिरलं, र म्हणणं चांगलं समजलं जायला लागलं. हे नक्की किती आणि कोणात हे कसं मोजायचं? माणसाला टेपरेकॉर्डर समोर बसवलं की तो सावरून बोलतो. म्हणून १९६२ च्या नोव्हेंबरात लबाव्हने तीन दुकानं निवडली. सॅक्स हे फिफ्थ अॅव्हेन्यूवरचं महागडं, मेसीज मधलं, आणि एस क्लाइन हे स्वस्तातलं. आधी चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते बघून ठेवायचं, मग गिऱ्हाईक बनून कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारायचं की बायकांचे शूज कुठे मिळतील. उत्तर येणार, फोर्थ फ्लोअर. मग नीट ऐकू आलं नाही असं दाखवून जरा पुढे झुकून म्हणायचं, एक्सक्यूज मी? समोरचा परत म्हणणार, फोर्थ फ्लोअर, या वेळी सावकाश आणि स्पष्ट. दोन शब्द, दोन वेळा, म्हणजे र ची चार ठिकाणं, शब्दाच्या मध्ये आणि शेवटी, सहज बोलताना आणि जपून बोलताना. मग दोन पावलं पुढे जाऊन नजरेआड झालं की वहीत टिपून घ्यायचं. आणि स्वतः चौथ्या मजल्यावर असेल तर? तर विचारायचं, हा कितवा मजला? पक्का मुंबईकर दुकानदार पण इतका विचार करत नसेल.

असे २६४ लोक झाले. थोडातरी र म्हणणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के, क्लाइनमध्ये २०. यातला भारी भाग असा की हे सगळे दुकानात काम करणारे लोक होते, मालक किंवा गिऱ्हाईक नव्हे, त्यांच्या पगारात आणि राहणीत दुकानाच्या झगमगाटाइतका फरक नव्हता, तरी ज्याला जसलं गिऱ्हाईक तसली त्याची भाषा. सॅक्समध्येच खालच्या मजल्यावर जिथे गर्दी आणि काउंटर, तिथे र कमी, वरच्या महागड्या मजल्यांवर जास्त. आणि मेसीजवाल्यांनी दुसऱ्यांदा जपून फ्लोअर म्हटलं तेव्हा ते सॅक्सच्या जवळ जाऊन पोचले, म्हणजे चांगलं काय समजतात हे त्यांना ठाऊक होतं, फक्त घाईत ते तोंडात येत नव्हतं. आता लंडन आठवा. तिथे र न म्हणणारा तो साहेब आणि र म्हणणारा तो नैर्ऋत्य इंग्लंडातल्या डेव्हनचा शेतकरी, नाटकसिनेमात गावठी माणूस दाखवायचा असला की त्याला हमखास तोच र देतात. एकच ध्वनी, अटलांटिकच्या एका काठाला त्याची पत आणि दुसऱ्या काठाला थट्टा. मग अमुक उच्चार मुळातच शुद्ध, ऐकायला गोड, किंवा तमुक उच्चार आळशी, या म्हणण्यात मला तरी काही दम दिसत नाही.

याच लबाव्हने त्याच्या आदल्या वर्षी मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटावर काम केलं होतं. साधारण सहा हजार वस्तीचं बेट, उन्हाळ्यात तिथे चाळीस हजारांहून जास्त पर्यटक येणार, घरं विकत घेणार. तिथले काही लोक राइटला रइट आणि हाउसला हउस यांच्या जवळ जाईल असं म्हणायचे, ही जुनी लकब मरत आलेली असणार असं वाटत होतं. पण ती सगळ्यात जास्त निघाली तिशी-चाळिशीतल्या लोकांत, आणि त्यातही बेटावरच्या चिलमार्क गावच्या कोळ्यांत, ज्यांना बाहेरच्यांचा सगळ्यात जास्त राग. ज्याला बेट सोडून जायचं होतं त्याच्या बोलण्यात ती कमी, ज्याला तिथेच राहायचं होतं त्याच्यात जास्त. हे कोणी ठरवून करत नव्हतं, कोणाला विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

स्वर इतके सरकतात का, याचं साधं कारण म्हणजे त्यांना कुंपण नसतं. प म्हणताना ओठ मिटतात किंवा नाही मिटत, पण स्वरात जीभ मोकळ्या जागेत तरंगते, थोडी वर, थोडी पुढे. आणि एक सरकला की शेजाऱ्याला जागा करून द्यावी लागते, लोकलमध्ये चौथ्या सीटवर कोणी टेकलं की बाकीचे तिघे सरकतात ना तसं. न्यूझीलंडमध्ये हेच झालं. तिथे पॅट जवळजवळ पेट झाला, पेट पिटच्या वाटेवर लागला, मग पिटने जायचं कुठे, तो मागे अ कडे गेला. म्हणून ऑस्ट्रेलियावाले त्यांना चिडवतात की हे फश अँड चप्स खातात, आणि न्यूझीलंडवाले उलट म्हणतात की तुम्ही फीश अँड चीप्स खाता. दोघांचंही खरं आहे. न्यूझीलंड रेडिओच्या फिरत्या गाडीने १९४६ ते १९४८ मध्ये गावोगाव म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या, त्यातले काही १८५० च्या आसपास जन्मलेले होते, त्यामुळे तिथली बोली कशी घडत गेली हे आज प्रत्यक्ष ऐकता येतं.

आणि हे सगळं पुढे नेतात ती मुलं. पोरं घरच्यांसारखी नाही, शाळेतल्या दोस्तांसारखी बोलतात. लीड्समधल्या मराठी घरात आई बस म्हणते, बाबा बस म्हणतात, आणि तिथेच वाढलेलं पोरगं बुस म्हणतं. न्यू जर्सीत तेच पोरगं वॉडर मागतं. आपल्याकडे ऑफिसात शेड्यूल की स्केड्यूल यावरून एकमेकांना सुधारत बसतात ते तर आणखीनच मजेशीर, कारण फ्रेंचमधून आला तेव्हा तो शब्द दोन्ही नव्हता, त्याची सुरुवात साध्या स ने व्हायची, पुढे स्पेलिंगमध्ये सी आणि एच आले आणि ते बघून दोन देशांनी दोन वाटा धरल्या.

न्यूयॉर्कचा तो दुकानांचा प्रयोग १९८६ मध्ये परत केला गेला. क्लाइन तोवर बंद पडलेलं, त्याच्या जागी दुसरं स्वस्त दुकान घ्यावं लागलं. र सगळीकडेच वाढला होता, पण दुकानांचा क्रम तोच राहिला. तिकडे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला मात्र आजोबांच्या तोंडात असलेला र नातवांच्या तोंडात ऐकू येईनासा होत चाललाय, आणि स्कॉटलंडात, जिथे र ची सगळ्यात जास्त मिजास, तिथे ग्लासगोच्या कामगार वस्तीतली पोरं शब्दाच्या शेवटचा र इतका पुसट म्हणतात की बाहेरच्याला तो ऐकूच येत नाही.