विश्वस्त बदलल्यावर न्यासाचे व्यवहार का अडतात? कौटुंबिक धर्मादाय न्यासांसाठी माहितीपत्रक

ज्या कौटुंबिक न्यासांचे (ट्रस्टचे) हिशेब व नोंदणीचे काम आम्ही पाहतो, त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: संस्थापक अध्यक्षांचे निधन झाले, आता सह्या कोणी करायच्या? हा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा बँकेने धनादेश परत पाठवलेला असतो, विद्यार्थ्यांच्या मदतीच्या रकमा अडकलेल्या असतात आणि मार्च महिना तोंडावर आलेला असतो. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या न्यासांच्या विश्वस्तांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

घरात थोरला मुलगा कर्ता होतो, तसा तो न्यासाचा अध्यक्ष आपोआप होत नाही. न्यासाची मालमत्ता कुटुंबाने दिलेली असली तरी नोंदणीनंतर ती सार्वजनिक न्यासाची असते आणि विश्वस्तपद केवळ वारस म्हणून आपोआप मिळत नाही. रिक्त जागा कोणी, कशी व किती दिवसांत भरायची हे न्यासपत्रावरून (ट्रस्ट डीडवरून) ठरते. काही न्यासपत्रांत संस्थापकांच्या पश्चात कुटुंबातील एका व्यक्तीस विश्वस्त म्हणून घ्यावे अशी तरतूद असते, परंतु त्या तरतुदीनुसार नेमणूक झाली तरी ती नोंदवावीच लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, धर्मादाय कार्यालयात दाखल करणे आवश्यक आहे. निधन, राजीनामा, मुदत संपणे, नवी नेमणूक यांपैकी प्रत्येक गोष्ट ‘बदल’ या सदरात येते. न्यासाने जमीन किंवा इमारत घेतली तर तीही येते.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक अशी की, कुटुंब एकत्र बसून सर्वानुमते नवा अध्यक्ष ठरवते, बैठकीच्या वहीत चार ओळी लिहिते आणि विषय संपला असे समजते. काही वर्षांनी आणखी एक विश्वस्त निवृत्त होतो, त्यांच्या जागी सून किंवा पुतण्या येतो, पुन्हा चार ओळी लिहिल्या जातात. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र अजूनही मूळचीच नावे असतात आणि त्यांतील दोघे हयात नसतात. अशा वेळी शेवटचा बदल तेवढा मंजूर करून घ्या, असा आग्रह आम्हाला केला जातो. तो मान्य करता येत नाही, कारण ज्यांनी शेवटची नेमणूक केली त्यांचीच नेमणूक नोंदलेली नसेल, तर त्यांच्या ठरावाला आधार उरत नाही. प्रत्येक बदलाचा स्वतंत्र अर्ज, त्यासोबत विलंब माफीचा अर्ज आणि विलंबाचे पटण्याजोगे कारण, अशी ती साखळी पहिल्या कडीपासून जोडावी लागते.

त्यातही वहीतील चार ओळी पुरत नाहीत. ‘रिक्त झालेल्या जागी सर्वानुमते नेमणूक करण्यात आली’ असे लिहिलेले असते, पण बैठकीची सूचना कोणत्या तारखेस, कोणाकोणास दिली, उपस्थित कोण होते, सूचक व अनुमोदक कोण आणि नेमलेल्या व्यक्तीचे संमतिपत्र कोठे आहे, याचा पत्ता नसतो. न्यासपत्रात किमान पाच विश्वस्त असावेत असे म्हटले असेल व तिघेच उरले असतील, तर त्या तिघांना नेमणुकीचा अधिकार आहे की नाही हे संबंधित कलम शब्दशः वाचूनच सांगता येते. म्हणून आम्ही सर्वप्रथम न्यासपत्र मागतो, मग भलेही ते ‘नुसते औपचारिक’ वाटो. ‘आजीव’, म्हणजे तहहयात नेमलेल्या, विश्वस्तांच्या बाबतीत याच अधिनियमाच्या २०२५ च्या दुरुस्तीकडेही लक्ष द्यावे लागते. न्यासपत्रात स्पष्ट तरतूद नसल्यास अशा विश्वस्तांची संख्या एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून अधिक ठेवता येत नाही.

मागील तारखेचा ठराव तयार करून द्या, अशी विनंती आम्ही नाकारतो आणि त्यामुळे काही ग्राहक नाराजही होतात. झालेला उशीर कारणासह मांडला तर त्यावर उपाय आहे. बनावट इतिवृत्त एखाद्या नातेवाइकाने चौकशीत आव्हानित केले, तर सही करणारे सर्वच अडचणीत येतात. कौटुंबिक न्यासांत हरकत घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा कुटुंबातलीच असते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आता पैशांचा भाग. बँक सह्यांचा बदल नोंदवताना साधारणपणे ठरावासोबत परिशिष्ट १ ची, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील न्यासाच्या उताऱ्याची, प्रमाणित प्रत मागते आणि त्यात नव्या विश्वस्ताचे नाव नसेल तर खाते अडते. आयकराच्या पोर्टलवर न्यासाचे प्रमुख म्हणून दिवंगत अध्यक्षांचाच मोबाइल क्रमांक असतो, तेव्हा ओटीपी बंद पडलेल्या फोनवर जातो. करसवलत टिकवण्यासाठी न्यासाने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी वापरायची असते आणि त्यात प्रत्यक्ष अदा केलेलीच रक्कम धरली जाते. मंजूर केलेली पण खाते अडल्याने न दिलेली मदत त्या वर्षाच्या खात्यावर मोजली जात नाही. उरलेली रक्कम विशिष्ट प्रयोजन लिहून पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते, पण त्यासाठीही वैध विश्वस्तांचा ठराव आणि मुदतीत भरलेले विवरण लागते. जे न्यास स्वतः उपक्रम न करता दुसऱ्या नोंदणीकृत न्यासांना देणग्या देतात, त्यांनी अशा देणगीचा ८५ टक्के भागच वापर म्हणून धरला जातो, हेही वर्षाचा खर्च आखताना विचारात घ्यावे.

खाते अडले की एखादा विश्वस्त सद्भावनेने स्वतःच्या खिशातून शुल्क भरतो आणि ‘नंतर न्यासाकडून घेऊ’ म्हणतो. हेतू चांगला असला तरी वहीत ती रक्कम विश्वस्ताकडून घेतलेले कर्ज म्हणून दिसते, आणि न्यासासाठी कर्ज घेण्यास कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. लेखापरीक्षकाला अहवालात त्याची नोंद घ्यावी लागते. त्यांनी ती रक्कम देणगी म्हणून दिली, तर पावती फाडून विषय मोकळा होतो. मात्र देणगी कायम निधीसाठी (कॉर्पससाठी) असेल तर देणगीदाराचे तसे लेखी पत्र हवे आणि ती रक्कम वेगळी ओळखता येईल अशी गुंतवलेली असावी. कायम निधी आणि चालू खर्च एकाच बचत खात्यात मिसळलेले असले की आमचा अर्धा वेळ ते उलगडण्यात जातो आणि तो वेळ शुल्कात दिसतो.

आमच्याकडे वार्षिक काम असलेल्या न्यासांसाठी आम्ही लेखापरीक्षणाच्या वेळी विश्वस्तांची प्रत्यक्ष यादी व परिशिष्ट १ यांची तुलना करून देतो, मुदत संपत आलेल्या विश्वस्तांची नावे आधी कळवतो आणि बैठकीच्या सूचनेचा व ठरावाचा मसुदा पाठवतो. याचे वेगळे शुल्क नाही. जुन्या, न नोंदलेल्या बदलांचे काम स्वतंत्र असते आणि त्याचे शुल्क बदलांच्या संख्येनुसार ठरते. धर्मादाय कार्यालयातील सुनावणीला किती काळ लागेल याची हमी आम्ही देत नाही, कारण ते आमच्या हाती नाही.

पहिल्या भेटीस येताना न्यासपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ ची मिळेल ती शेवटची प्रत, निधन झालेल्या विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले आणि मागील तीन लेखापरीक्षण अहवाल आणावेत. बैठकीची वही मात्र मूळच आणावी. निवडक पानांच्या छायाप्रतींवरून मधली कोणती बैठक गाळली गेली आहे हे आम्हाला कळत नाही.