ध्रुवावरचा ओझोन: घट किती, ऱ्हास किती?

१६ सप्टेंबरला आमच्याकडच्या शाळांत ओझोन दिनाचा तक्ता लागतो. दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि तो दिवाळीपर्यंत भिंतीवर तसाच राहतो. तक्त्यावर फाटकी छत्री, खाली ठळक अक्षरांत ‘ओझोनची घट’. ध्रुवावरचा ओझोन किती वेगाने नष्ट होतो, या हिशेबातला निम्मा घोळ त्या ‘घट’ शब्दात आहे.

पैठणच्या माणसाला तो लगेच कळेल. नाथसागराची पातळी आठवड्यात चार बोटे उतरली, तर तेवढ्या पाण्याची वाफ झाली असे तिथे कुणी म्हणत नाही. कालव्याला किती सोडले, शहरांसाठी किती उपसले, नाशिक-नगरच्या धरणांतून किती आले, हे मांडून उरते ते बाष्पीभवन. वरून आवक चालू असेल तर पातळी जागची हलतही नाही. ऊन मात्र आपले काम करतच असते. ध्रुवावर हिवाळाभर हेच चालते. थंड होणारी हवा हळूहळू खाली उतरते आणि वरचा जास्त ओझोन सोबत आणते. म्हणजे उपकरणाला दिसते ती घट, आणि क्लोरीन-ब्रोमीनने खाल्ला तो ऱ्हास. आत ऱ्हास जोरात चालू असताना बाहेर घट शून्य दिसू शकते. बातम्यांत हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात अदलाबदल करून वापरलेले मी कित्येकदा पाहिले आहेत.

दक्षिण ध्रुवावर या फरकावाचून फारसे अडले नाही. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या एका तळाच्या ऑक्टोबरमधल्या ओझोनच्या नोंदी छापून आल्या. १९८७ मध्ये विमाने थेट त्या हवेत शिरली आणि क्लोरीन मोनॉक्साइड (क्लोरीन ओझोन खातो तेव्हा तयार होते ते) जिथे चढलेले तिथेच ओझोन पडलेला, असा आलेख घेऊन परतली. ध्रुवाभोवती हिवाळाभर फिरणाऱ्या वाऱ्यांचा तिथला भोवरा घट्ट, आणि ऑक्टोबरपर्यंत १४ ते २० किलोमीटरमधला ओझोन जवळजवळ साफ. विहिरीचा तळ दिसू लागल्यावर वाफ किती अन् उपसा किती, हे कोण विचारतो?

खरी पंचाईत उत्तरेत. तिथला भोवरा डुलतो, ताणला जातो, एखाद्या वर्षी जानेवारीतच फुटतो. त्यावरचा तोडगा १९९१-९२ च्या हिवाळ्यातल्या नोंदींतून निघाला: हवेच्या एकाच पुंजक्याला दोनदा गाठायचे; दोन्ही वेळच्या ओझोनातला फरक तो ऱ्हास. मोजणी आकाशात सोडलेल्या फुग्याने होते. फुग्याखाली छोटी पेटी असते. तिच्यातला पंप हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून ओढतो. जितका ओझोन, तितका विद्युतप्रवाह. पहिल्यांदा आधीच सोडलेल्या फुग्यांतून अशा जोड्या हुडकल्या. १९९४-९५ पासून मात्र वाऱ्यांच्या अंदाजावरून पुंजक्याची वाट आधीच काढली जाऊ लागली आणि पुढच्या तळाला निरोप जाऊ लागला, की तुमच्या डोक्यावरून ती हवा अमक्या वेळी जाणार आहे, फुगा तयार ठेवा.

एका जोडीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. मोजणीतली चूकच फरकाएवढी असायची. म्हणून शेकडो जोड्या एकत्र घेतल्या आणि ऱ्हासाचा वेग दिवसावर न मांडता उन्हाच्या तासावर मांडला. मला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. ऱ्हासाला ऊन लागते. जानेवारीत ध्रुवाजवळच्या हवेला दिवसातून जेमतेम काही तास ऊन मिळते, मग चोवीस तासांनी भागून काय साधणार? शिवाय अंधारातल्या तासांचा ऱ्हास वेगळा काढला तेव्हा तो शून्याच्या आसपास आला. पद्धत बरोबर असल्याची ती चांगली खूण होती. भोवऱ्याच्या कडेने बाहेरची हवा मिसळत असेल तर काय, हा आक्षेप मात्र उरलाच.

अडचण वेगळीच निघाली. कडाक्याच्या जानेवारीत फुग्यांचा दर संगणकी मॉडेलांच्या दरापेक्षा जास्त येई. मॉडेलांची भिस्त एका रेणूवर: क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू जोडले जातात, ती जोडी उन्हाने फुटते आणि क्लोरीन मोकळा होतो. ती किती लवकर फुटते यावर सगळा दर. २००७ मध्ये एका प्रयोगशाळेने सांगितले की ही जोडी प्रकाश कित्येक पटींनी कमी शोषते. तसे असेल तर मॉडेलांतला ऱ्हास आणखीच मंदावणार होता. काही ठिकाणी लगेच मथळे आले, ओझोनचा सिद्धांतच कोसळला म्हणून. भांडण पुन्हा वजाबाकीचेच होते. नमुन्यात क्लोरीन वायूची भेसळ राहते आणि तिचे शोषण वजा करावे लागते; ते किती करायचे यावर उत्तर पालटे. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने प्रकाश मोजणे सोडून, लेझरच्या झोतात किती जोड्या फुटल्या तेच मोजले. भेसळीचा प्रश्नच उरला नाही आणि जोडी फुटण्याचा आकडा पुन्हा वर गेला.

पुढे उपग्रहांमुळे रोजचा हिशेब सोपा झाला. २०११ च्या वसंतात आर्क्टिकवर १८ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ८० टक्क्यांहून जास्त ऱ्हास निघाला. २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा तसेच. तो लॉकडाऊनचा काळ. एप्रिलअखेर भोवरा फुटला, बाहेरची ओझोनवाली हवा आत आली, आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले: गाड्या बंद राहिल्या म्हणून ओझोनचे भोक बुजले. खाली सतरा हात जोडलेले.