विषाणुरोगांविरुद्ध कृत्रिम मायक्रोआरएनए

वनस्पतीच्या पेशीत मुळातच तयार होणाऱ्या मायक्रोआरएनए या रेणूची अक्षरे बदलून त्याच्याकरवी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती वाहणारा रेणू, तोडण्याची जैवतंत्रज्ञानातील पद्धत. मायक्रोआरएनए बहुधा २१ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे २१ अक्षरांचा असतो.

विषाणू झाडात एकदा शिरला की त्याला मारणारे औषध फवारता येत नाही. जळगावच्या केळी पट्ट्यात ज्याला ‘हरण्या’ म्हणतात तो रोग कुकुंबर मोझॅक विषाणूचा. पानावर पिवळसर पट्टे उमटतात, पुढे पोंगा सडतो. रोग पसरवणारा मावा मारता येतो, पण लागण झालेले झाड उपटून नष्टच करावे लागते. म्हणून झाडाच्या आतच बंदोबस्त करणारी पद्धत मोलाची आहे.

मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत सापडला. त्याबद्दल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. वनस्पतींतील मायक्रोआरएनएची नोंद २००२ मध्ये झाली. जनुकावरून निघालेला लांब आरएनए केसाच्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडतो. ‘डायसर-लाइक’ नावाचे एक प्रथिन त्यातून २१ अक्षरांचा दुहेरी तुकडा कापून काढते. त्यातला एक धागा आर्गोनॉट या प्रथिनात बसतो आणि जुळणारा आरएनए शोधतो. असा आरएनए सापडला की आर्गोनॉट तो धाग्याच्या १० व्या आणि ११ व्या अक्षरांच्या समोर कापते. प्राण्यांत ही जुळणी बहुधा अर्धवट असते. वनस्पतींत ती जवळजवळ पूर्ण असते, म्हणूनच घाव इतका नेमका बसतो. आकड्याचा सांगाडा तसाच ठेवून ही २१ अक्षरे बदलली की कृत्रिम मायक्रोआरएनए तयार होतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील नाम-हाय चुआ यांच्या गटाने २००६ मध्ये हेच केले. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा झाडातील मायक्रोआरएनए १५९ चा सांगाडा त्यांनी घेतला. एका रूपात त्याचे लक्ष्य होते टर्निप यलो मोझॅक विषाणूचे पी६९ जनुक, तर दुसऱ्यात टर्निप मोझॅक विषाणूचे एचसी-प्रो. ही निवड मार्मिक होती. झाड विषाणूचा आरएनए स्वतःहून तोडू पाहते आणि पी६९, एचसी-प्रो यांपासून बनणारी प्रथिने नेमकी तीच यंत्रणा लुळी पाडतात. म्हणजे घाव शत्रूच्या ढालीवरच घातला गेला. दोन्ही कृत्रिम रेणू एकत्र असलेली झाडे दोन्ही विषाणूंना पुरून उरली. लहान आरएनएवर चालणारा नेहमीचा बचाव १५ अंश सेल्सिअसला ढिला पडतो. इथे मात्र त्या थंडीतही तो टिकला. पुढच्याच वर्षी तंबाखूत कुकुंबर मोझॅक विषाणूच्या २बी या तशाच जनुकावर हा उपाय लागू पडल्याचे चिनी संशोधकांनी दाखवले. हरण्याचा विषाणू तो हाच.

या पद्धतीचे बळ नेमकेपणात आहे आणि दुबळेपणाही त्यातच. लक्ष्य अवघे २१ अक्षरांचे असल्यामुळे झाडाच्या स्वतःच्या जनुकांवर चुकून घाव बसण्याचा धोका कमी राहतो. पण आरएनए विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो आणि एखादे मोक्याचे अक्षर बदलले तरी तो निसटू शकतो. टर्निप मोझॅक विषाणूत अशी निसटलेली रूपे प्रयोगात आढळली आहेत. म्हणून विषाणूला सहजी बदलता न येणारा भाग निवडणे आणि एकाच झाडात दोन-तीन कृत्रिम मायक्रोआरएनए ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते. एकट्या रेणूच्या भरवशावर वाण शेतकऱ्याच्या हाती देणे योग्य नाही.

ब्राझीलमध्ये २०११ साली मंजूर झालेला, गोल्डन मोझॅक या विषाणुरोगाला दाद न देणारा घेवडा याच जातकुळीचा, पण त्यात कृत्रिम मायक्रोआरएनए नसून लांब दुहेरी आरएनए वापरला आहे.

झाडाचे मूळचे मायक्रोआरएनएही रोगाच्या लढाईत असतात. टोमॅटोतील मायक्रोआरएनए ४८२ एरवी रोगप्रतिकारक जनुकांना दाबून ठेवतो. विषाणूची लागण झाली की त्याचे प्रमाण घटते आणि ती जनुके जोमाने कामाला लागतात.