मुदत नसलेला शिक्का

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एक जुनी विहीर आहे. 1937 साली उत्खननात तिच्यातून सुमारे 190 खापरं निघाली. बरीचशी मद्याच्या पेल्यांच्या तळाची, आणि सगळ्यांवर नाव एकाच माणसाचं कोरलेलं: अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस. अक्षरं ताडून पाहिली तेव्हा कळलं की लिहिणारे हात होते जेमतेम 14. कुणीतरी बैठक मारून ही मतं आधीच तयार करून ठेवली होती. मतदानाच्या दिवशी ती लोकांच्या हातात नुसती टेकवायची.

हे मतदान होतं एखाद्याला शहराबाहेर काढण्याचं. आरोपपत्र नाही, बचावाचं भाषण नाही. किमान 6000 खापरं पडली की ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत अथेन्स सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. ‘हा माणूस आम्हाला इथे नको’ एवढंच कारण पुरे. मात्र त्याची मालमत्ता त्याचीच राहायची, नागरिकत्वही शाबूत. दहा वर्षं भरली की परत यायचं आणि पूर्वीसारखं राहायचं. ॲरिस्टायडीस या दुसऱ्या पुढाऱ्याला इ.स.पू. 482 च्या सुमारास असं घालवलं होतं. पर्शियाचं सैन्य चालून आल्यावर दोनच वर्षांत त्याला परत बोलावलं आणि पुढे सेनापतीही केलं. ढोंगी, अन्यायी, वशिलेबाज, काहीही म्हणा या पद्धतीला. तिच्या शिक्षेला शेवटची तारीख होती.

त्याच ग्रीकांकडे दुसरा एक शब्द होता, ‘स्टिग्मा’. मूळ अर्थ टोचून उमटवलेली खूण. पळून जाताना सापडलेल्या गुलामाच्या कपाळावर ती गोंदली जाई. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन याने 1963 साली हाच शब्द आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून घेतला, तोवर त्याचा अर्थ कातडीवरून माणसाच्या प्रतिष्ठेवर सरकला होता. नागरिकाला खापर आणि गुलामाला गोंदण, हा फरक विसरू नये. मुदत कुणाला मिळते, हेही आतलेच ठरवतात.

कातडीवरची खूण युरोपात फार काळ टिकली. इंग्लंडच्या 1547 च्या कायद्यात कामधंद्याविना भटकणाऱ्याच्या छातीवर इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर डागायचं आणि त्याला दोन वर्षं गुलाम म्हणून द्यायचं, अशी तरतूद होती. ती इतकी जाचक ठरली की तीन वर्षांत कायदा मागे घ्यावा लागला. फ्रान्समध्ये सक्तमजुरीच्या कैद्यांना खांद्यावर डाग देणं 1832 साली बंद झालं. लोखंड थंड पडलं, पण ती नोंद आता कागदावर, दप्तरात राहू लागली. कागद खांद्यासारखा सदऱ्याखाली झाकता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाने यात विज्ञानाची भर घातली. इटलीतला डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो याने 1876 साली मांडलं की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो आणि ते त्याच्या कवटीत, जबड्यात, कानांत दिसतं. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने सुमारे 3000 कैद्यांची मापं घेऊन ती सैनिक आणि विद्यापीठातले विद्यार्थी यांच्या मापांशी पडताळली. 1913 साली त्याने जाहीर केलं की गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना सापडत नाही. तोवर लोम्ब्रोझोची कल्पना युरोपभर फिरून आली होती.

भारतात तर इंग्रजांना कवट्या मोजायचीही गरज वाटली नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच नोंदवहीत चढवता येऊ लागल्या. मूल जन्मायच्या आधी त्याचा गुन्हा ठरलेला. ठरलेल्या वेळी हजेरी, हद्द ओलांडायची तर पास, पुढे काहींना वसाहतींत ठेवणं, असा तो पसारा होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती कायद्याच्या यादीतून सुटल्या आणि ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. सुटकेच्या नावातच जुनी कैद मुक्कामाला राहिली. शिवाय जमातींची यादी गेली तरी ‘सराईत गुन्हेगार’ ठरवून पाळत ठेवणारे कायदे राज्याराज्यांत होतेच.

‘त्याने असं का केलं?’ या प्रश्नाशेजारी ‘याला गुन्हा कुणी ठरवलं?’ हा प्रश्न उभा राहायला बराच वेळ लागला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने 1895 साली संतांच्या मठाची कल्पना करायला सांगितलं: तिथे खून-चोरी नसेल, पण बाहेर ज्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही अशी बारीकशी चूक तिथे महापाप ठरेल.

मला यात जास्त जवळचा वाटतो तो फ्रँक टॅननबाउम, कारण त्याने हे प्रकरण आतून पाहिलं होतं. 1914 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये बेकार, बेघर माणसांचा जमाव घेऊन तो निवारा मागायला चर्चमध्ये शिरला आणि त्याबद्दल एक वर्ष तुरुंगात गेला. पुढे तो प्राध्यापक झाला. 1938 साली त्याने लिहिलं ते साधं आहे: खिडक्या फोडणं, छपरावर चढणं हा पोरांच्या लेखी खेळ असतो, शेजाऱ्यांच्या लेखी उपद्रव. मग तक्रार, पोलीस, न्यायालय. ‘हे केलंस ते वाईट’ इथून गाडी ‘तूच वाईट’ इथवर येते, आणि एके दिवशी पोरगाही तेच मानू लागतो. समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट याने 1951 साली या दुसऱ्या टप्प्याला, पोरगा स्वतःला वाईट मानून वागू लागतो त्याला, वेगळं नाव दिलं, तर 1963 साली हॉवर्ड बेकर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने नियम करायला झटणाऱ्यांकडेच बोट दाखवलं.

सगळ्यांत बोलकं उदाहरण समाजशास्त्रज्ञ विल्यम चँब्लिस याचं, 1973 मधलं. अमेरिकेतल्या एका शाळेतल्या मुलांच्या दोन टोळ्यांकडे तो दोन वर्षं पाहत होता. एका टोळीत खात्यापित्या घरची आठ मुलं. दांडी मारायची, दारू पिऊन गाडी हाणायची, आणि रस्त्यावरच्या खड्ड्याभोवतीचे कंदील-अडथळे पळवून कोण आदळतंय ते बघत बसायचं. दुसऱ्या टोळीत गरीब घरची सहा मुलं; मारामाऱ्या आणि भुरट्या चोऱ्या करणारी. पहिल्यांकडे गाड्या होत्या, म्हणून त्यांचे धंदे गावाबाहेर चालत. दुसरी भर चौकात उभी. पोलिसाने हटकलं तर पहिली मान खाली घालून ‘चुकलं सर’ म्हणत, दुसरी अंगावर जात. दोन वर्षांत पहिल्यांपैकी एकालाही अटक झाली नाही. पुढे त्यांतले बहुतेक कॉलेजात गेले. दुसऱ्यांपैकी दोघे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले, तर दोघांना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते मार्गाला लागले. ही शेवटची ओळ अनेकजण सांगायची विसरतात, आणि ती महत्त्वाची आहे: दुसरी ओळख हाती आली तर शिक्का सैल होतो.

शिक्क्यानेच गुन्हेगार घडतो, या विचारावर 1970 च्या दशकात टीका झाली, ती रास्तही होती. खून झालेला माणूस कुणी नाव ठेवल्यामुळे मेलेला नसतो, आणि पहिली चोरी होते तेव्हा शिक्का अजून बसलेला नसतो. पण शिक्षा भोगून झाल्यावर काय, याला त्या टीकेत उत्तर नाही. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एकसारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले; काहींच्या अर्जावर तुरुंगवासाची खोटी नोंद होती. 2003 साली निकाल छापून आले: नोंद नसलेल्या गोऱ्यांना 34 टक्के ठिकाणांहून बोलावणं, नोंद असलेल्यांना 17. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना 14, नोंद असलेल्यांना 5. कोरी पाटी घेऊन आलेला कृष्णवर्णीय तुरुंगाची नोंद असलेल्या गोऱ्याच्याही मागे.

शिक्का अधिकृतपणे पुसल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर 1973 मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. विरोधकांच्या मागणीवरून पुढच्या वर्षी सदस्यांचं मतदान झालं: काढण्याच्या बाजूने 5854, विरोधात 3810. कालपर्यंतचे रुग्ण मतमोजणीनंतर निरोगी. तरी यादीत एक लहानसं शेपूट उरलं, स्वतःच्या समलैंगिकतेचा त्रास होणाऱ्यांसाठी निराळा विकार. 1980 च्या आवृत्तीत त्याचं फक्त नाव बदललं. ते काढायला 1987 साल उजाडलं.