धनादेशाऐवजी डॉक्टर का येतो? सोलापूरच्या प्राणी निवाऱ्यांना मिळणाऱ्या मदतीची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या छोट्या निवाऱ्याने एखाद्या मोठ्या प्राणिसंस्थेकडे पैसे मागितले, तर हल्ली पैशांऐवजी डॉक्टर, लशी किंवा प्रशिक्षणाचे बोलावणे येण्याची शक्यता जास्त. याला हात आखडता घेणे म्हणतात, पण खरे कारण कायद्यात आहे.

पूर्वी हिशेब सोपा होता. मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून १८३२ मध्ये मुंबईत दंगल झाली आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तिथे पांजरापोळ उभे राहिले. व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालावर स्वतःहून ‘लाग’ म्हणजे धर्मादाय पट्टी बसवली, त्यातून चारा यायचा. कागदपत्रे विचारणारे कोणी नव्हते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. निवारा, रुग्णवाहिका, नैसर्गिक आपत्ती अशा कामांसाठी मंडळ अनुदान देऊ लागले, मात्र आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचे मिळत नाही. छोटे निवारे इथेच अडकतात. जखमेतल्या अळ्या काढणारे हात असतात, पावत्या मात्र पिशवीत कोंबलेल्या.

मग परदेशी पैसा. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली मोठी संस्था असा निधी घेऊन काही अटींवर दुसऱ्या संस्थेला देऊ शकत होती. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आणली. आता ज्याच्या खात्यात पैसा उतरला, त्यानेच तो खर्चायचा. म्हणून मोठ्या संस्था स्वतःची माणसे पाठवतात. अ‍ॅनिमल राहत ही संस्था सांगली-सोलापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या बैलांवर आपल्याच पशुवैद्यांकरवी उपचार करते, तो हाच नमुना, जरी तो या दुरुस्तीच्या आधीपासूनचा असला तरी.

देशी पैशाचे दार २०१३ च्या कंपनी कायद्याने उघडले. कंपन्यांनी करायच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चाच्या यादीत प्राणी कल्याण आहे. पण १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते, तिच्यासाठी साधारणपणे ‘१२ए’ (संस्थेला करसवलत) आणि ‘८०जी’ (देणगीदाराला करसवलत) या आयकराच्या नोंदण्या लागतात, आणि त्याही आता ठराविक मुदतीने नव्याने कराव्या लागतात. तारीख चुकली की देणगीदार गेला. मोठ्या संस्थेने वर्षभरासाठी एक हिशेबनीस दिला तरी तो एका रुग्णवाहिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

गोशाळांचे दुखणे वेगळे. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि भाकड जनावरांचा भार वाढला. २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये जाहीर झाले. ३५० किलोच्या जनावराला रोज ९ ते १० किलो कोरडा चारा आणि ४० लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. यात ५० रुपये कुठवर पुरणार? ज्वारी निघते तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा भरून ठेवावा लागतो. मे महिन्यात मंजूर झालेली मदत महागड्या भावात विरघळते. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, सहज मिळते, पण त्यातले ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावर जनावर जगवायचे तर चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण हवेच.

कुत्र्यांच्या बाजूला २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. कुत्रे पकडायचे, नसबंदी करून रेबीजची लस द्यायची, काही दिवस ठेवून साधारणपणे जिथून आणले तिथेच सोडायचे. ही शस्त्रक्रिया शिकवणारी केंद्रे चालवणे हे मोठ्या संस्थांचे मोठेच काम, उटीचे केंद्र त्यातलेच. मात्र निवाऱ्याची शिस्त नसेल तर शिकून आलेला डॉक्टरही हतबल होतो. नवीन पिल्ले थेट जुन्यांत सोडली की पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब करणारा विषाणू, पसरतो. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनाइलच्या भरवशावर त्याला हरवता येत नाही. आधी विष्ठा खरवडून फरशी धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण शिंपडून दहा मिनिटे ओले ठेवायचे. लशीला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी दोन-तीन तास वीज गेली आणि फ्रीजचे दार चार वेळा उघडले गेले, की फुकट आलेल्या कुप्या टाकूनच द्याव्या लागतात.