‘नवी जात’ की ‘नवी नोंद’?

कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, माडांच्या चुडती खालून पांढऱ्या पडल्या आणि माडाखालच्या केळींची पानं काजळी फासल्यासारखी काळी झाली, तेव्हा नारळ पाडणाऱ्या पाडेल्यानं माडावरून उतरताच सांगितलं, "हो किडो नवो." त्याचं बरोबर होतं. थोड्याच दिवसांनी शेजारच्या काकांनी विचारलं, "म्हणजे शास्त्रज्ञांनाही ठाऊक नसलेली प्रजाती आपल्याकडे निघाली?" तसं मात्र नव्हतं.

ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून 2004 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि ‘अल्युरोडिकस रुगिओपरक्युलेटस’ हे नाव मिळालं. भारतात ती 2016 मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाची भागात माडांवर आढळली. विज्ञानाला ती बारा वर्षं आधीपासून ठाऊक होती, भारतासाठी नवी होती. याला म्हणतात नवी नोंद.

नवी जात म्हणजे जिला आजवर कुणी नावच दिलेलं नाही ती. (बातम्यांत ‘प्रजाती’ लिहितात, मी ‘जात’ म्हणतोय, अर्थ एकच.) इथं आणखी एक गफलत होते. कीटक सापडला म्हणजे जात जाहीर झाली, असं आपण धरून चालतो. सापडणं ही सुरुवात. नमुना कधीकधी संग्रहालयाच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि कुणीतरी तो बारकाईनं पाहीपर्यंत त्याचं वेगळेपण कळतच नाही.

हे पाहणं किती कष्टाचं असतं ते पांढऱ्या माशीवरूनच घ्या. उडणारी माशी हातात आली तरी तिच्यावरून जात ठरवणं फार अवघड. ओळख पटते ती पानाला चिकटलेल्या शेवटच्या अवस्थेतल्या पिल्लाच्या कवचावरून. ते कवच रसायनात स्वच्छ करून काचपट्टीवर बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची छिद्रं, केस, कडेचे दाते मोजायचे. आंब्याच्या मोहरावरच्या तुडतुड्यांचं दुखणं वेगळं. वरून सगळे सारखेच तपकिरी, जेमतेम काही मिलिमीटरचे. तिथं नराची जननेंद्रियं उघडून पाहावी लागतात. नुसती मादी मिळाली तर तज्ज्ञही बऱ्याचदा थांबतो.

मग तुलना. त्या गटातल्या आधी वर्णिलेल्या प्रत्येक जातीशी आपला नमुना ताडून पाहायचा. ही वर्णनं शंभर वर्षांपूर्वीची, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये लिहिलेली असू शकतात आणि ज्यांच्यावरून ती लिहिली ते मूळ नमुने दूरच्या संग्रहालयांत असतात. एखादं जुनं नाव नजरेतून सुटलं, तर पुढं कुणीतरी दाखवून देतं की ही तीच जात, आणि मग जुनं नाव टिकतं, नवं बाद होतं. प्राण्यांच्या नावांचा हा ज्येष्ठतेचा हिशेब 1 जानेवारी 1758 पासून धरला जातो. जिवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीला ही तारीख दिलेली आहे.

नाव देण्याचेही नियम आहेत. 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नावासाठी ‘ही नवी जात’ असं स्पष्ट लिहावं लागतं, मूळ नमुना ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला तेही सांगावं लागतं. मला या सगळ्यात तो मूळ नमुना सर्वांत मोलाचा वाटतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा एक जीव, पण पन्नास वर्षांनी वाद झाला तरी निवाडा त्याच्यासमोर होतो.

नव्या नोंदीला इतकं लागत नाही. अचूक ओळख, ठिकाण, तारीख, यजमान झाड (ज्यावर तो कीटक जगतो ते) आणि जपून ठेवलेला नमुना एवढं पुरतं. म्हणून तिला कमी लेखू नये. शेतकऱ्याच्या दृष्टीनं अनेकदा तीच जास्त निकडीची असते. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूरला आढळला. त्याचं वर्णन 1992 मध्येच झालेलं होतं, त्यामुळे तो मूळचा कुठला आणि तिथं त्याला कोण मारतं, हे शोधता आलं. 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याचे परजीवी कीटक आणून सोडले आणि तो आटोक्यात आला. नावाचा धागा हाती नसता तर हा शोध शून्यातून करावा लागला असता.

माडावरच्या या माशीलाही ‘एन्कार्सिया ग्वाडेलुपी’ नावाची चिमुकली गांधीलमाशी आतून पोखरते, आणि ती आपल्याकडे आधीच आहे. ओळख न पटवता जहाल औषध फवारलं, तर आधी तीच मरते.

तेव्हा अनोळखी किडा दिसला तर नुसत्या माश्या पकडून नेऊ नका. पिल्लं चिकटलेला चुडतीचा तुकडा कापून कागदी पाकिटात घाला आणि वर झाड, गाव व तारीख पेन्सिलीनं लिहा. माशी उडून गेली तरी चालेल, कवच पानावर राहिलं पाहिजे.